तीन करार, एक उन्हाळा

१८ जून २००४ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सने जाहीर केलं, की प्रशिक्षक फिल जॅक्सन पुढच्या हंगामात संघासोबत नसतील. १४ जुलैला शकील ओनील, म्हणजे सगळ्यांचा शॅक, मायामी हीट संघाकडे गेला. १५ जुलैला कोबी ब्रायंटने लेकर्सशीच सात वर्षांचा, १३ कोटी ६४ लाख डॉलरचा नवा करार केला. चार आठवड्यांत अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलमधला त्या काळचा सर्वांत दबदब्याचा संघ मोडला. २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन वर्षं हा संघ एनबीए विजेता होता, आणि मोडला त्याच जूनमध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत खेळला होता.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं म्हणून ही गोष्ट बहुतेक वेळा संपवली जाते. शॅक आणि कोबीचं पटत नव्हतं, हे खरंच आहे. पण ते २००० सालीही पटत नव्हतं. २००१ मध्ये तर दोघं वर्तमानपत्रांतून एकमेकांना सुनावत होते, आणि त्याच वर्षी लेकर्सने प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, सोळापैकी पंधरा सामने जिंकले. जे भांडण तीन विजेतेपदांच्या काळात संघाला पेलता आलं, ते २००४ मध्ये का पेललं नाही? खेळाडूंच्या स्वभावात याचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं संघाच्या कार्यालयात आहे: तिथे कोण बसलं होतं, कोण उठून गेलं होतं आणि कोणाचा करार कोणत्या तारखेला संपत होता यात. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो नीट पाहू.

सुरुवात १९९६ च्या उन्हाळ्यात झाली, आणि ती घडवली जेरी वेस्ट यांनी. वेस्ट स्वतः लेकर्सचे महान खेळाडू. एनबीएच्या बोधचिन्हातली चेंडू घेऊन धावणारी आकृती त्यांच्याच छायाचित्रावरून घेतलेली आहे, असं मानलं जातं. त्या वेळी ते संघाच्या व्यवस्थापनाचे प्रमुख होते. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन हायस्कूलमधून थेट एनबीएत उतरू पाहणारा सतरा वर्षांचा कोबी त्यांनी सरावात पाहिला आणि तो हवाच असं ठरवलं. खेळाडू-निवडीत शार्लट हॉर्नेट्सने तेराव्या क्रमांकावर त्याला घेतलं. लेकर्सने आपला अनुभवी सेंटर व्लादे दिवात्स शार्लटला देऊन कोबीला मिळवलं. कोबी अल्पवयीन असल्यामुळे त्याच्या करारावर आई-वडिलांना सह्या कराव्या लागल्या.

दिवात्सला देण्यामागे दुसरंही कारण होतं. एनबीएत वेतनमर्यादा असते. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याची एक रेषा आखलेली असते, आणि बाहेरच्या मोठ्या खेळाडूला घ्यायचं तर त्या रेषेखाली जागा रिकामी लागते. वेस्ट ती जागा ऑर्लँडो मॅजिकच्या शॅकसाठी करत होते. दिवात्स गेला. पाठोपाठ अँथनी पीलर आणि जॉर्ज लिंच या दोघांना जवळजवळ काहीच न घेता व्हँकुव्हर ग्रिझलीजला देऊन टाकलं. ऑर्लँडोच्या स्थानिक वर्तमानपत्राने त्याच दिवसांत वाचकांना विचारलं, शॅकला ११ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत का? नव्वद टक्क्यांहून जास्त वाचकांनी नाही म्हटलं. ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाबरोबर असलेल्या शॅकने १८ जुलैला लेकर्सचा सात वर्षांचा, सुमारे १२ कोटी डॉलरचा करार स्वीकारला. सात फूट एक इंच उंचीचा, दीडशे किलोच्या आसपासचा चोवीस वर्षांचा तयार सेंटर आणि अजून अठरा पूर्ण न झालेला गार्ड एकाच आठवड्यात एका संघात आले. एनबीएच्या इतिहासात याहून मोठा आठवडा कुठल्या व्यवस्थापकाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही.

दोघांची घडण वेगळी होती. शॅक न्यूअर्कचा. सावत्र वडील लष्करात सार्जंट, त्यामुळे बालपण लष्करी तळांवर गेलेलं. चित्रपट, रॅप संगीत, थट्टामस्करी, सहकाऱ्यांना महागड्या भेटी: जिथे जाईल तिथे त्याच्याभोवती घोळका जमे. कोबीचे वडील व्यावसायिक खेळाडू. ते इटलीत खेळत असल्यामुळे कोबी तिथे वाढला आणि अस्खलित इटालियन बोलायचा. संघातल्या तिशीतल्या माणसांसोबत रात्री बाहेर जाण्याचं त्याचं वयही नव्हतं आणि इच्छाही नव्हती. तो एकटा सराव करत बसे. शॅकला हंगामाच्या सुरुवातीला वजन वाढलेलं असलं तरी चाले, खेळता खेळता ते उतरेल असा त्याचा हिशोब. कोबीला हे सहन होत नसे. पुढचे बरेच वाद याच एका मुद्द्याभोवती फिरले.

आणि तरीही पहिल्याच हंगामातला एक प्रसंग मुद्दाम सांगावासा वाटतो. मे १९९७ मध्ये युटा जॅझविरुद्धच्या पाचव्या सामन्यात निर्णायक क्षणी कोबीने चार फेकी अशा केल्या, की चेंडू बास्केटच्या कडीलाही लागला नाही. संघ स्पर्धेबाहेर गेला. नियमातले सहाही फाउल होऊन आधीच बाहेर बसलेला शॅक त्या पोराच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. त्या फेकी करायची हिंमत त्याच्याकडेच होती, असं शॅकने नंतर सांगितलं. या दोघांत पहिल्या दिवसापासून केवळ वैर होतं, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

१९९९ पर्यंत चित्र बिघडलं होतं. त्या वर्षी मालक-खेळाडू तंट्यामुळे हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला. बारा सामन्यांत सहा पराभव होताच प्रशिक्षक डेल हॅरिस यांना काढलं. कर्ट रॅम्बिस यांना नेमलं. एडी जोन्ससारखा चांगला खेळाडू दुसऱ्या संघाला दिला, डेनिस रॉडमनला आणून थोड्याच आठवड्यांत सोडलं. शेवटी सॅन अँटोनियो स्पर्सने दुसऱ्या फेरीत चारही सामन्यांत हरवलं. त्या जूनमध्ये मालक जेरी बस यांनी फिल जॅक्सन यांना आणलं: पाच वर्षं, ३ कोटी डॉलर. ही पाच वर्षं लक्षात ठेवावीत.

जॅक्सन शिकागो बुल्सला सहा विजेतेपदं मिळवून देऊन आले होते. त्यांच्यासोबत टेक्स विंटर हे सत्तरी ओलांडलेले सहायक प्रशिक्षक होते आणि विंटर यांची ‘ट्रँगल’ म्हणजे त्रिकोणी आक्रमणपद्धत होती. कोर्टाच्या एका बाजूला तिघे त्रिकोण करून उभे राहतात. एक बास्केटजवळ, एक कोपऱ्यात, एक वरच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला दोघे. आधीपासून ठरलेली चाल नसते. बचाव करणारे कुठे सरकतात ते पाहून पुढचा पास ठरतो. चेंडू शक्यतो आधी बास्केटजवळच्या माणसाकडे जातो, आणि लेकर्समध्ये तो माणूस म्हणजे शॅक. त्याला अडवायला दोघे-तिघे धावले की बाकीचे मोकळे.

म्हणजे या पद्धतीने भांडणाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला, चेंडू आधी कोणाकडे, स्पष्ट उत्तर देऊन टाकलं होतं. पण त्या उत्तराला एक मर्यादा होती आणि ती शॅकच्या हातात होती. त्याला फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, जमत नसत. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे जेमतेम ५३ टक्के फ्री थ्रो आत गेले. प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम त्याला फाउल करत, कारण त्याला फ्री थ्रोच्या रेषेवर उभं करणं हे त्याच्या डंकपेक्षा स्वस्त पडे. त्यामुळे अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत चेंडू शॅककडे देणं जोखमीचं होई आणि तो आपोआप कोबीकडे वळे. तीन डाव शॅकचे, चौथा कोबीचा, अशी वाटणी खेळाच्या गणितानेच करून दिली होती. दोघांना एकमेकांची गरज होती, आणि ती गरज मैत्रीवर अवलंबून नव्हती.

२००० च्या अंतिम मालिकेत हे लख्ख दिसलं. शॅकने इंडियाना पेसर्सविरुद्ध सामन्यामागे सरासरी ३८ गुण काढले. चौथ्या सामन्यात जादा वेळात त्याचे फाउल संपून तो बाहेर गेला. घोटा दुखावलेला एकवीस वर्षांचा कोबी पुढे झाला आणि त्याने सामना काढून दिला. त्याआधीच्या मालिकेत, पोर्टलँडविरुद्ध सातव्या सामन्यात शेवटच्या डावात पंधरा गुणांची पिछाडी भरून निघाली, तेव्हा शेवटचा घाव कोबीने हवेत उंच टाकलेल्या पासवर शॅकने केलेल्या डंकचा होता. जुनी चित्रफीत पाहताना आजही अंगावर काटा येतो.

विजेतेपदानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २००० मध्ये, जेरी वेस्ट यांनी लेकर्स सोडलं. हा बदल त्या वेळी विजयाच्या आनंदात झाकला गेला. वेस्ट कमालीचे हळवे. स्वतःच्या संघाचा सामना त्यांना बसून पाहवत नसे. जॅक्सन यांच्याशी त्यांचं फारसं जुळलं नाही. पण दोन्ही ताऱ्यांना आणणारा माणूस तोच होता, आणि दोघंही त्यांचं ऐकत. शिवाय वेस्ट खेळत असताना एल्जिन बेलर हा तितकाच मोठा खेळाडू वर्षानुवर्षं त्यांच्याच संघात होता. एका संघात दुसऱ्या क्रमांकाचं मानलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची जागा मिच कपचॅक यांनी घेतली. कपचॅक अभ्यासू आणि सचोटीचे, पण खेळाडूंवर वेस्ट यांचा होता तसा वचक आणि लोभ त्यांना वारशात मिळणं शक्य नव्हतं.

परिणाम लगेच दिसला. २०००-०१ च्या हंगामात कोबीने मुलाखतीत सांगितलं, की आपला खेळ आवरायचा नसून आणखी वाढवायचा आहे. चेंडू मिळणार नसेल तर आपल्याकडून बचावाचीही अपेक्षा ठेवू नये, अशा अर्थाचं शॅक बोलला. हंगामअखेरीस शॅकची सरासरी २८.७ आणि कोबीची २८.५ गुण! दोघंही एकमेकांच्या ओंजळीने पाणी न पिता धावत होते. मग वसंतात गाडी रुळावर आली. पायाच्या दुखापतीतून डेरेक फिशर परतला, कोबी आजारपण-दुखापतींच्या विश्रांतीनंतर शांत होऊन आला, आणि लेकर्सने साखळीतले शेवटचे आठ व प्लेऑफचे पहिले अकरा सामने ओळीने जिंकले. स्पर्सविरुद्ध कोबीने ४५ गुण काढल्यावर शॅकने त्याला आपला आदर्श म्हटलं. अंतिम मालिकेत ॲलन आयव्हर्सनच्या ४८ गुणांनी फिलाडेल्फियाला एक सामना मिळाला, तेवढाच.

जॅक्सन यांनी भांडण मिटवलं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यांनी त्याला वेळ दिला. ते फार हस्तक्षेप करत नसत, खेळाडूंना पुस्तकं वाचायला देत, ध्यान करायला बसवत, आणि कधी कधी एकाला डिवचून दुसऱ्याला जवळ करत. यात त्यांचं माप शॅकच्या बाजूने झुकलेलं असे, ही कोबीची तक्रार मला रास्त वाटते. पण त्यांच्यामागे पाच वर्षांचा करार होता. आज मिटलं नाही तर मार्चमध्ये मिटेल, एवढा धीर त्यांना परवडत होता.

२००२ मध्ये तिसरं विजेतेपद आलं. त्या वर्षी सॅक्रॅमेंटो किंग्जने लेकर्सला सात सामने झुंजवलं, आणि चौथ्या सामन्यात रॉबर्ट हॉरीच्या शेवटच्या क्षणाच्या फेकीने लेकर्स एका गुणाने वाचले. (किंग्जचा सेंटर होता दिवात्स. हाच संघ २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने विकत घेतला, शॅक त्यात छोटा भागीदार झाला, आणि २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने खेळायला आला तो किंग्जच.)

त्यानंतर उतार सुरू झाला. शॅकने पायाच्या अंगठ्याची शस्त्रक्रिया सुट्टीत न करता सप्टेंबरपर्यंत लांबवली. संघासाठी खेळताना दुखापत झाली, तर बरं होण्याचा वेळही संघाचाच, असं त्याचं म्हणणं. हंगाम त्याच्याविना सुरू झाला आणि पराभवांची रांग लागली. मे २००३ मध्ये स्पर्सने लेकर्सला बाहेर काढलं.

त्या जुलैत कोलोराडो राज्यात कोबीवर लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवण्यात आला. तक्रारदार स्त्रीने साक्ष न देण्याचं ठरवल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये फौजदारी खटला मागे घेतला गेला. कोबीने तिची जाहीर माफी मागितली. दिवाणी दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. ही घटना कोणत्याही संघाच्या जय-पराजयापेक्षा गंभीर आहे, आणि तिचा विचार खेळाच्या तराजूत करता येणार नाही. इथे एवढंच नोंदवतो, की २००३-०४ चा हंगाम कोबी न्यायालय आणि बास्केटबॉलचं कोर्ट यांच्यामध्ये विमानाने ये-जा करत खेळला. सकाळी सुनावणी, रात्री सामना, असे दिवसही त्यात होते.

संघ मात्र कागदावर अफाट होता. कार्ल मलोन आणि गॅरी पेटन या दोन दिग्गजांनी विजेतेपदासाठी प्रचंड वेतनकपात स्वीकारली. आदल्या वर्षी १ कोटी ९० लाखांच्या आसपास मिळवणारा मलोन १५ लाख डॉलरवर खेळायला आला. पण आता तारखांकडे पाहा. जॅक्सन यांचा पाच वर्षांचा करार २००४ च्या उन्हाळ्यात संपत होता. कोबीला त्याच उन्हाळ्यात करार मोडून मोकळं होण्याचा हक्क होता. शॅकचा करार २००६ पर्यंत होता, पण बत्तिशीतल्या शॅकला मुदतवाढ आताच हवी होती, आणि तीही वर्षाला ३ कोटी डॉलरच्या घरात. तिघांचं भवितव्य एकाच तारखेला टांगलं गेलं. प्रत्येकाला माहीत होतं, की मालक सगळ्यांना ठेवू शकणार नाहीत.

एकदा हे कळलं की प्रत्येक लहान गोष्टीला वाटाघाटीचा वास येतो. ऑक्टोबर २००३ मध्ये होनोलुलूतल्या सराव सामन्यात शॅकने भर कोर्टावरून बस यांना उद्देशून आता तरी पैसे द्या, अशी आरोळी ठोकली. मालकाला हे जिव्हारी लागलं. त्याच महिन्यात शॅकने कोबीला खेळ जपून करण्याचा सल्ला जाहीरपणे दिला, आणि कोबीने दूरचित्रवाणीवरच्या पत्रकाराकडे शॅकच्या वजनापासून नेतृत्वापर्यंत सगळ्याचे वाभाडे काढले. हे बोलणं २००१ पेक्षा फार वेगळं नव्हतं. वेगळं होतं ते ऐकणाऱ्यांचं मन. फेब्रुवारीत संघाने जॅक्सन यांच्याशी कराराची बोलणी थांबवल्याचं जाहीर केलं. माझ्या दृष्टीने संघ मोडला तो त्या दिवशी. धीर धरू शकणारा एकमेव माणूस आता स्वतःच निघण्याच्या रांगेत होता. कोबी संघात राहणार असेल तर पुढच्या वर्षी आपण नसू, असं आपण कपचॅक यांना सांगितल्याचं जॅक्सन यांनीच पुढे पुस्तकात लिहिलं.

तरी प्रतिभा एवढी होती की संघ अंतिम फेरीत पोचला. स्पर्सविरुद्ध ०.४ सेकंद उरलेले असताना फिशरने टाकलेला चेंडू आत गेला, तो याच मोसमात. पण डेट्रॉइट पिस्टन्स या एकही महातारा नसलेल्या, बचावात घट्ट बांधलेल्या संघाने अंतिम मालिका ४-१ अशी नेली. मलोनचा गुडघा निकामी होता, कोबीच्या फेकी चुकत होत्या, आणि बास्केटजवळ उभ्या शॅककडे चेंडू पुरेसा पोचत नव्हता.

बस यांनी पंचवीस वर्षांच्या कोबीला निवडलं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला आणि जमीन-घरांच्या व्यवहारात पैसा कमावलेला हा माणूस १९७९ पासून संघ चालवत होता. हिशोब त्याला कळत होता. वयाच्या हिशोबाने त्यांचा निर्णय चूक म्हणता येत नाही. चुकला तो क्रम. कोबी शेजारच्या क्लिपर्स संघाकडे जाण्याच्या बेतात होता, त्यामुळे प्रत्येक पाऊल त्याच्या सहीवर डोळा ठेवून पडलं. ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेफ्स्की यांना प्रशिक्षकपद देऊ केलं, त्यांनी नाकारलं. शॅकच्या बदल्यात लमार ओडम, कॅरन बटलर, ब्रायन ग्रँट आणि पुढच्या खेळाडू-निवडीतले हक्क आले. नवे प्रशिक्षक रूडी टॉमजनोविच त्रेचाळीस सामन्यांनंतर निघून गेले. २००४-०५ मध्ये लेकर्सचे ३४ विजय आणि ४८ पराभव झाले, आणि प्लेऑफचं दार बंद राहिलं.

शॅकने २००५ मध्ये मायामीशी पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला २ कोटी. लेकर्सकडे मागितलेल्या रकमेपेक्षा हे कितीतरी कमी होतं. दोन्ही बाजूंना मान राखून बोलायला लावणारा कोणी मधे असता, तर तो आकडा लॉस एंजेलिसमध्येही गाठता आला असता, हे माझं मत या करारामुळेच बनलं. २००६ मध्ये तो मायामीसोबत चौथ्यांदा विजेता झाला.

लेकर्सने मात्र २००५ च्या जूनमध्ये जॅक्सन यांनाच परत बोलावलं. ज्याला शिकवणं अशक्य असं त्यांनी पुस्तकात म्हटलं होतं त्याच कोबीचे प्रशिक्षक म्हणून. मे २००७ मध्ये कोबीने संतापून आपल्याला दुसऱ्या संघाला देऊन टाका अशी मागणी केली. यात २००४ ची सगळी लक्षणं होती, पण या वेळी बस आणि कपचॅक यांनी घाई केली नाही. उन्हाळा जाऊ दिला, हंगाम सुरू होऊ दिला. डिसेंबरात जॅक्सन यांचा करार २०१० पर्यंत वाढवला, तर कोबीला मोकळं होण्याचा हक्क २००९ मध्ये होता, म्हणजे या वेळी दोघांच्या तारखा एकत्र येत नव्हत्या. १ फेब्रुवारी २००८ रोजी मेम्फिसहून पाव गसोल आला आणि कोबीने मागणी पुन्हा काढली नाही. २००९ मध्ये ऑर्लँडोला आणि २०१० मध्ये बॉस्टनला हरवून लेकर्स विजेते झाले. दोन्ही वेळा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू कोबी होता, आणि २०१० च्या विजयानंतर पत्रकारांनी पाचव्या विजेतेपदाचा अर्थ विचारला तेव्हा त्याने आधी हेच सांगितलं, की आपल्याकडे आता शॅकपेक्षा एक जास्त आहे.